खिडकीतून आलेली वायर

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत केबल आली ती खिडकीतून. १९९२ सालची गोष्ट. दोन पोरं गच्चीवर चढली, काळ्या वायरचं भेंडोळं समोरच्या इमारतीवरून फेकलं, मधल्या अशोकाच्या झाडाला एक वेढा दिला आणि हॉलच्या खिडकीच्या चौकटीला भोक पाडून टोक आत घेतलं. अर्ज नाही, पावती नाही. महिन्याला शंभर रुपये आणि पिवळ्या कार्डावर एक सही. त्याच वायरला स्प्लिटर लावून दुसरं टोक शेजारच्या आजींकडे गेलं. त्यांचे पैसे कुणी मागितले नाहीत. केबलवाल्याला सगळं माहीत होतं. "असू द्या, एकटं माणूस आहे," एवढंच तो म्हणाला.

आजींच्या त्या वायरकडे मी तेव्हा लक्षही दिलं नव्हतं. आता वाटतं, केबलचा धंदा नेमका अशाच न मोजलेल्या घरांवर उभा होता.

त्याची सुरुवातच सरकारच्या नजरेआड झाली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या उंच इमारतींत एका व्हीसीआरवरून सगळ्या बिऱ्हाडांना सिनेमे पुरवले जात. १९९१ च्या जानेवारीत सीएनएनवर आखाती युद्ध दिसलं, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या एशियासॅट-१ वरून उतरू लागल्या, २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाली. या सगळ्याला आवर घालायला हाताशी होता १८८५ चा टेलिग्राफ कायदा! केबलसाठी वेगळा कायदा झाला १९९५ मध्ये, आणि ऑपरेटरने नोंदणी कुठे करायची, तर पोस्टात.

ऑपरेटरची नोंद झाली, तरी त्याच्या वायरीच्या टोकाला किती घरं आहेत हे सांगणारं यंत्र नव्हतं. अॅनालॉग सिग्नल वायरीत एकदा सोडला की जो टोक जोडेल त्याचा. वाहिन्यांना दर घरामागे पैसे द्यायचे, तेव्हा ऑपरेटर घरं कमी दाखवत. वाहिन्यांना हे कळत असे, सरकारलाही. पण मोजणार कसं? वर्गणीचा मोठा हिस्सा वाटेतच राहिल्यामुळे वाहिन्या जाहिरातींवर जगल्या, आणि जाहिराती टीआरपीवर. उलट वायरीत जागा मोजकीच, म्हणून आपली वाहिनी दिसावी यासाठी ऑपरेटरांनाच पैसे मोजायची वेळ वाहिन्यांवर आली.

केबलवाल्याची आरती ओवाळायचा माझा इरादा नाही. गल्ल्या वाटून घेतलेल्या असत, त्यामुळे दुसरा ऑपरेटर बोलवायची सोय नव्हती. त्याचा बूस्टर शेजारच्या इमारतीच्या जिन्यातली वीज घेई, तिथली वीज गेली की आमच्या गल्लीतलं चित्र जाई. ऐन मॅचमध्ये फोन उचलणार नाही. पण विसर्जनाची मिरवणूक त्याच्या लोकल चॅनलवर दिसे, खाली क्लासच्या जाहिराती आणि निधनवार्ता सरकत असत. ते चित्रण जपून ठेवावं असं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

मोजणी आली ती डिजिटायझेशनने. २००७ मध्ये दक्षिण मुंबईत 'कॅस'चा प्रयोग झाला होता, पण खरा दणका बसला तो सक्तीचा. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२, पुण्यासह ३८ शहरांची ३१ मार्च २०१३. प्रत्येक टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, प्रत्येक बॉक्सला नंबर, प्रत्येक नंबरामागे नावपत्त्याचा अर्ज. आमच्या गल्लीत मुदत काही दिवस लांबली. मग एका संध्याकाळी आजींच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. "तुमचा दिसतोय का हो?" त्यांनी दारातून विचारलं. आमचा दिसत होता. केबलवाला म्हणाला, "आता माझ्या हातात नाही, काकू." हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग आजी रोज साडेसातला आमच्याकडे येऊन बसू लागल्या.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या दरांप्रमाणे शंभर वाहिन्यांचे १३० रुपये अधिक कर, पुढे हवी ती वाहिनी निवडून घ्यायची. आईने वहीत यादी केली, दोनदा खोडली. पण तोवर वारं फिरलं होतं. हॉटस्टार २०१५ मध्ये आलं, नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारीत, त्याच सप्टेंबरात जिओने डेटा इतका स्वस्त केला की फोन हाच टीव्ही झाला. २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा भारतातल्या टीव्हीला २३,५७५ कोटी मिळाले आणि इंटरनेटला २३,७५८ कोटी.

बॉक्स घर मोजत होता, ॲप माणूस मोजतं. कोण बसलंय, कुठल्या प्रसंगाला उठलं, सगळं. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात पासवर्ड वाटून घेणं बंद केलं. एका घराबाहेर खातं नाही. माझी बहीण औंधला राहते, त्यांच्या हिशेबात ती आमच्या घरची नाही.

त्याच वर्षी आम्ही केबल बंद केली. आईला वाहिन्यांचे नंबर पाठ होते, आता नंबरच नाहीत. फायबर बसवायला आला तो जुन्या केबलवाल्याचा मुलगा. त्याने नवी वायर त्याच भोकातून आत घेतली. काळी काढू का, असं विचारलं. आई म्हणाली, राहू दे. ती अजून भिंतीवरून पलीकडे जाते. आजी २०१७ मध्ये गेल्या. त्या घरात आता भाडेकरू आहेत आणि टीव्ही नाही.