वरच्या मजल्याचं गरम पाणी

पार्ल्याच्या जुन्या घरांवर लिहिणारी मंडळी ओसरी, झोपाळा आणि प्राजक्त यांच्यापुढे सहसा जात नाहीत. मागच्या न्हाणीघराकडे कुणी फिरकत नाही. मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला घर दिसतं ते उष्णता कुठे तयार होते आणि कुठे वाया जाते या बाजूने. तसं बघितलं की आमच्या घराबद्दल एक गोष्ट लक्षात येते. पाणी तापवायचं कुठलंही नवं साधन केवळ बाजारात आलं म्हणून आमच्याकडे कधी आलं नाही. घराला खोली जोडली, मजला चढला, कुणाचं लग्न ठरलं, की जुनी सोय अपुरी पडायची, चार-सहा महिने कुरकुर चालायची आणि मग नवी यायची. गॅसवर पाणी तापवणारा गीझर लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगाऱ्याने १८६८ साली केला. आमच्याकडे गीझर आला काकांचं लग्न ठरल्यावर, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी.

पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. त्या सुमारास आणि नंतरच्या वीसेक वर्षांत पूर्वेकडच्या वाड्या मोडून प्लॉट पडले आणि गिरगावातल्या दोन खोल्यांना कंटाळलेली नोकरदार कुटुंबं इथे घरं बांधू लागली. आमच्या आजोबांनी बांधलं ते बैठं, कौलारू. पुढे ओसरी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि अंगण ओलांडलं की न्हाणीघर. ते असं तोडून बाहेर का ठेवायचे, याचं उत्तर सोवळ्याओवळ्यात शोधलं जातं. माझ्या मते निम्मं उत्तर धुरात आहे. रोज पहाटे जिथे लाकूड जळणार, ती जागा घरात कोण घेईल? शिवाय सांडपाणी थेट केळी आणि अळूच्या वाफ्यात जायचं.

न्हाणीघराच्या दाराशी बंब. आजीने तो पुण्याहून, कसब्यातल्या तांबट आळीतून आणवला होता. बाहेरच्या अंगावर ठोक्यांच्या खुणांची नक्षी होती. तांबट त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेचं नसतं, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. आतली रचना मी पुढे कित्येक वर्षं वर्गात फळ्यावर काढत आले. बाहेर पाण्याचं भांडं, त्याच्या बरोबर मधून उभा जाणारा तांब्याचा नळा, नळ्याच्या तळाला जाळी, जाळीखाली राखेची जागा. जळण वरून नळ्यात टाकायचं. रशियन समोवारची रचना हीच. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाशी लागते आणि बरीचशी बाजूंनी निसटते. बंबात विस्तव चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो, तापलेली हवा वर जाताना सगळ्या नळ्याला उष्णता देत जाते. मूठभर जळणात बादलीभर पाणी व्हायचं ते यामुळे. एकच पथ्य होतं: आधी पाणी, मग विस्तव. कोरडा बंब पेटवला की झाळ सुटायची आणि तो परत तांबटाकडे जायचा.

जळण बहुतेक फुकटचं. शेंड्या, करवंट्या, वाळलेल्या झावळ्यांचे तुकडे, सुताराकडच्या ढलप्या. पावसाळ्यात सगळं सादळलं की वखारीतून कोळसा यायचा आणि मग आजी प्रत्येकाच्या बादलीवर नजर ठेवायची. आंघोळीचा क्रम ठरलेला होता. आजोबा, मग ऑफिसची ८.२० ची गाडी गाठणारे, मग शाळेची पोरं, शेवटी बायका. आमच्या बंबाला खालच्या अंगाला पितळी तोटी होती. कढत पाणी घंगाळात घ्यायचं, हौदातलं विसण घालायचं, आणि जेवढं पाणी काढलं तेवढं गार पाणी बंबात ओतून मगच बाहेर यायचं. ते न ओतता येणाऱ्याला सगळ्या घरासमोर बोलणी बसत. काही घरच्या बंबांना नरसाळं असायचं: वरून गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि वर तरंगणारं गरम पाणी चोचीतून बाहेर पडायचं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे गीझरपाशी तीच भेटणार आहे.

नरकचतुर्दशीला गिरगाव आणि डोंबिवलीची मंडळी मुक्कामाला असत. त्या पहाटे बंब तीनला पेटायचा आणि विझायचा तो उन्हं वर आल्यावर. (गरम पाण्याची चैन म्हणजे आमच्या लेखी वज्रेश्वरीची सहल. तिथली कुंडं तानसा नदीच्या काठी आहेत. याच नदीवर वरच्या अंगाला बांधलेल्या तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला मिळतंय. तीच नदी काठाशी फुकट कढत पाणी देते आणि नळाला गार, याचं आजोबांना फार नवल वाटे.)

वीज घरात पहिल्यापासून होती. उपनगरांना वीज देणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी १९२९ ची. पण त्या विजेवर दिवे लागायचे आणि एक पंखा फिरायचा, बस. लाकडी पट्टीवरून फिरवलेली वायर पाच अँपिअरची, आणि दोन हजार वॅटचा गीझर मागतो जवळपास नऊ. आजी मागासलेली होती म्हणून बंब टिकला, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. फुकटच्या करवंट्या सोडून नव्या वायरिंगचा खर्च करायला काही कारणच नव्हतं.

कारण घडलं १९६४ च्या सुमारास. काकांचं लग्न ठरलं आणि वर मजला चढवायचा बेत झाला. आजूबाजूला बंगले पाडून ओनरशिप फ्लॅट उठू लागले होते, त्यांच्यासाठीचा कायदाही आदल्याच वर्षी आला होता. आजोबांना त्यात पडायचं नव्हतं. कौलं उतरली, स्लॅब पडला, वर दोन खोल्या आणि त्यांना लागून बाथरूम झाली. पार्ल्यातली घरं अशीच वाढली, पोटात एक लग्न घेऊन. आराखडा काढणाऱ्याने बाथरूमला नळ दिला, मोरी दिली, पांढऱ्या टाइल्स दिल्या. वर गरम पाणी कुठून येणार हे त्याने विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. नव्या काकू रोज पहाटे अंगण ओलांडून बंबापाशी यायच्या आणि कढत पाण्याची बादली घेऊन जिना चढायच्या. पावसाळ्यात तर डोक्यावर इरलं घेऊन. त्या एकदाही बोलल्या नाहीत. बोलली ती आजी, आणि तेही आजोबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मधला उपाय म्हणून हीटरचा रॉड आला. बादलीत सोडायचा, बटण दाबायचं, आणि बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. बादल्या तेव्हा लोखंडी. अर्थिंगचा पत्ता नाही. वडिलांनी चार दिवसांत तो रॉड कपाटात कुलूपबंद केला आणि वायरमनला बोलावलं.

मीटरपासून वरपर्यंत वेगळी जाड वायर ओढली गेली, पंधरा अँपिअरचा पॉइंट बसला, आणि न्हाणीघरामागे अर्थिंगचा खड्डा खणला. त्यात धातूची पट्टी पुरून भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे असतात. त्याने ओल धरून राहते आणि वीज जमिनीत उतरायला वाट मिळते. त्या खड्ड्यात बंबासाठी आणलेल्या कोळशाचं अख्खं पोतं गेलं. गीझर बसवायला आलेल्या माणसाला आजीने एकच प्रश्न विचारला, "आत तांबंच आहे ना?" तांबंच होतं, म्हणून तो घरात शिरला.

आणि चालेना. म्हणजे पाणी तापायचं झकास, पण नळाला करंगळीएवढी धार. इथे नरसाळ्याची युक्ती आठवा. साठवणीच्या गीझरमध्ये गार पाणी तळाशी शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. बंबात ढकलायचं काम ओतणाऱ्याचा हात करायचा, गीझरमध्ये ते काम गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचं. दर मीटर उंचीला दाब मिळतो बारच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. आमची टाकी स्लॅबवरच टेकवलेली आणि गीझर बाथरूमच्या छताजवळ, मधलं अंतर जेमतेम दोन हात. प्लंबरने पाइप खोलले, वॉशर बदलले, गीझर उतरवून पुन्हा चढवला. शेवटी गवंड्याला बोलावून टाकीखाली विटांचा उंच ओटा बांधला आणि धार सुधारली. मजला वाढवताना गरम पाण्याचं गणित वीज आणि लिटर यांच्यापाशी थांबतं. उंची कुणी मोजत नाही. हे मी नंतर पार्ल्यात घरोघर पाहिलं आहे.

खालचा बंब मात्र चालूच होता. घरात दोन राज्यं झाली: वर बटणाचं, खाली धुराचं. आजी थकली आणि रात्री-अपरात्री अंगण ओलांडणं तिला जमेना, तेव्हा ऐंशीच्या दशकात दुसरी वाढ झाली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या अंगणाच्या पट्ट्यावर छत घातलं, भिंती उचलल्या आणि न्हाणीघर घरात आलं. साहजिकच बंब बाहेर गेला. तो मोडीत देताना तांब्याचे पैसे बरे आले, एवढंच मला आठवतं. हळहळ वगैरे कुणाला वाटली नाही.

त्याच्या जागी सिलिंडरवरचा गॅस गीझर बसला. साठवण नाही, नळ सोडला की भडका आणि क्षणात कढत पाणी. पण वाढीव भिंतींनी न्हाणीघराची अंगणाकडची खिडकी बुजवली होती. बंद जागेत गॅस जळत राहिला की हवेतला प्राणवायू संपत जातो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. आमच्या आत्येबहिणीला एकदा आत भोवळ आली. दार आतून नुसतं लोटलेलं होतं म्हणून ती वाचली. वडिलांनी त्याच दिवशी गीझर काढून बाहेरच्या भिंतीवर लावला आणि आत फक्त पाइप आणला. लंडनच्या मॉनसाहेबांच्या मूळ यंत्रालाही धुराडं नव्हतं. इतकी वर्षं उलटल्यावर पार्ल्याच्या न्हाणीघरात तीच चूक नव्याने केली गेली. बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, खोकला आणायचा, माणसाला बाहेर काढायचा. त्या अर्थी तो प्रामाणिक होता. गॅस गीझरची हिवाळ्यातली मृत्यूची बातमी आजही वर्तमानपत्रात येते, आणि बहुतेक वेळा कारण हेच: बंद बाथरूम. महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली आणि पुढे पाइपचा गॅस आमच्याही गल्लीत आला. या गॅसला घनफळामागे उष्णता सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी, म्हणून बर्नरचे जेट मोठे बसवावे लागतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

मग आमचंही घर पडलं आणि तिथे इमारत झाली. तीन बेडरूम, तीन बाथरूम, तीन गीझर. पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला सुमारे एक युनिट वीज लागते. सकाळी सातला तिन्ही चालू आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह, म्हणजे लोड वाढवून घेण्याचा अर्ज आलाच. (एक गंमत: १९२३ च्या बॉयलर कायद्याची मर्यादा २००७ च्या दुरुस्तीपर्यंत पावणेतेवीस लिटरची होती. पंचवीसचा गीझर मापाने ती ओलांडायचा, पण तो वाफ करत नाही म्हणून सुटायचा.) पिण्याचं आणि आंघोळीचं पाणी महापालिकेचं असेल तोवर ठीक, ते मऊ असतं. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं जड पाणी सुरू झालं की कॉइलवर क्षारांचं पुट चढतं आणि वीज त्या पुटाला तापवत बसते.

आणि पुन्हा उंचीच. विमानतळाच्या धावपट्टीसमोरच्या फनेलमध्ये पार्ल्याचा मोठा भाग येतो. इमारतीची कमाल उंची ठरते ती विमानांच्या वाटेवरून, आणि त्या उंचीत गच्चीवरची टाकीसुद्धा धरतात. मजले कमी करायला कोण तयार होणार? म्हणून टाकी बसकी होते. शेवटच्या मजल्यावर आमचा पुतण्या राहतो. त्याने परदेशी शॉवर बसवला, त्याला पाणी येईना, मग प्रेशर पंप आला आणि त्या पंपाच्या घरघरीवरून खालच्या मजल्याशी भांडण झालं. आजोबांच्या गवंड्याने विटांचा ओटा बांधून जे साधलं, तेच आता मोटर लावून साधायचं.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी सौर बंबाचा विषय मांडला. पाणी तापवायला ऊन थेट वापरलं तर त्यातली निम्मी उष्णता सहज पदरात पडते. आधी वीज करून मग तापवायचं तर पाचवा हिस्सा मिळाला तरी खूप. मुलं फळ्याकडे बघतात तसे सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकाने विचारलं, गच्चीवर टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून जागा उरते कुठे? दुसरे पहिल्या मजल्यावरचे. ते म्हणाले, "बाई, गरम पाणी आमच्यापर्यंत यायच्या आधी पाइपातलं गार पाणी रोज ओतून द्यायचं का?" प्रश्न बरोबर होता. वीस मिलिमीटरच्या वीस मीटर पाइपात सहा लिटरच्या वर पाणी उभं असतं. फिरत्या पाण्याचा परतीचा पाइप टाकला तर हे टळतं, असं मी सांगितलं. सेक्रेटरींनी खर्च विचारला, मी अंदाज सांगितला, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलून मंडळी बटाटेवड्याकडे वळली.