बिशप कोलेन्सो यांचा हिशेब

ऑक्टोबर १८६२मध्ये लंडनला एक पुस्तक निघाले. मोशेचे पाच ग्रंथ आणि यहोशवाचा ग्रंथ यांची त्यात चिकित्सा होती. मजकूर अक्षरशः इतिहास म्हणून वाचला तर तो टिकत नाही, असा लेखकाचा निष्कर्ष होता. लेखक होते जॉन विल्यम कोलेन्सो, दक्षिण आफ्रिकेतील नातालचे अँग्लिकन बिशप. केंब्रिजमध्ये गणित शिकलेले आणि अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकांमुळे इंग्लंडभर नाव झालेले. त्यामुळे हे प्रकरण ‘गणिती बिशपाने श्रद्धेला आकडे लावले’ अशा थाटात सांगितले जाते. मागे उरलेले कागद क्रमाने वाचले, तर आकडे बरेच नंतर येतात. आधी येतो तो शिकवणाऱ्याला पडलेला पेच.

पहिला कागद म्हणजे त्याच पुस्तकाची प्रस्तावना. १८६१च्या सुरुवातीला एका धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाला लिहिलेले, पण कधीच न पाठवलेले पत्र कोलेन्सो यांनी तिच्यात छापले आहे. पीटरमॅरित्सबर्गजवळच्या एकुखान्येनी मिशनमध्ये ते उत्पत्तीच्या ग्रंथाचे झुलूत भाषांतर करत होते. काम नोहाच्या जलप्रलयापर्यंत आले, तेव्हा मदतीला बसलेल्या झुलू सहकाऱ्याने विचारले, की हे सगळे खरे आहे का? उष्ण आणि थंड देशांतले सगळे पशुपक्षी जोडीजोडीने तारवात आले, आणि मांसाहारी प्राण्यांच्याही अन्नाची तजवीज नोहाने केली, असे तुम्ही खरोखर मानता का?

कोलेन्सो यांनी भूगर्भशास्त्र वाचलेले होते. फ्रान्समधील ओव्हेर्न्यच्या जुन्या ज्वालामुखी टेकड्यांवर हलके, सुटे प्युमिस दगड पडलेले आहेत. जगभर पूर आला असता तर ते केव्हाच वाहून गेले असते, हे त्यांना माहीत होते. ते लिहितात, की त्या क्षणी जखऱ्या संदेष्ट्याचे वचन आठवले: देवाच्या नावाने खोटे कसे सांगू? त्यांनी ‘हो, खरे आहे’ असे उत्तर दिले नाही.

प्रस्तावनेत प्रश्नकर्त्याचे नाव नाही. ते विल्यम न्गिडी असावेत, हे इतर कागदांवरून मानले जाते. इंग्लंडमध्ये या प्रसंगाची टिंगल झाली. बिशप झुलूला बाटवायला गेला आणि झुलूनेच बिशपाला बाटवले, असे विनोद फिरले. न्गिडी भाबडे होते, या समजुतीला मात्र दुसरा एक कागद छेद देतो. १८५९मध्ये कोलेन्सो झुलू राजा म्पांडे याच्या भेटीला गेले, तेव्हा सोबतच्या तीन आफ्रिकनांनी त्या प्रवासाची आपापली हकिगत लिहिली आणि ती १८६०मध्ये छापली गेली. त्या तिघांत न्गिडी आहेत. म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस स्वतः लिहिता होता.

प्रलयापेक्षाही कठीण जागा निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आली. मालकाने दासाला काठीने मारले आणि दास एक-दोन दिवस जगून मग मेला, तर मालकाला शिक्षा नाही, कारण दास हे त्याचेच धन, असा तिथला नियम आहे. ही वाक्ये दयाळू देवाची म्हणून ऐकताना आपल्या ख्रिस्ती झुलू सहकाऱ्याला जो उद्वेग आला, तो आपण कधी विसरणार नाही, असे कोलेन्सो नोंदवतात. इथे शंका विज्ञानाची नव्हती; नीतीची होती.

मग रूपकाचा मार्ग त्यांनी का धरला नाही? तो तर जुना आणि प्रतिष्ठित होता. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेन यांनी उत्पत्तीतील अनेक प्रसंगांचा गूढार्थ लावला. निसर्गाविषयी ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावावर काहीबाही बोलून हसे करून घेऊ नये, अशी ताकीद पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन यांनी दिली होती. कोलेन्सो यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. डीकन म्हणजे पहिल्या पायरीचा पाद्री म्हणून दीक्षा घेणाऱ्याला जुन्या आणि नव्या करारातील सर्व शास्त्रावर निष्कपट विश्वास असल्याचे जाहीरपणे कबूल करावे लागे. बिशप म्हणून ही कबुली इतरांकडून घेणे हे त्यांचेच काम. दुसरी अडचण मजकुराची. गणनेच्या ग्रंथात इस्राएलांची वंशवार खानेसुमारी आहे, बेरजेसकट. जमाखर्चासारख्या लिहिलेल्या मजकुराला रूपक म्हणून सोडवून घेणे त्यांना अप्रामाणिक वाटले.

म्हणून त्यांनी हिशेब मांडला. लढण्याजोगे पुरुष ६,०३,५५०. लेवीयाच्या ग्रंथात सगळी मंडळी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दारापाशी जमल्याचे सांगितले आहे. मंडपाची रुंदी १० हात, म्हणजे १८ फूट. एका ओळीत नऊ माणसे आणि दोन ओळींत १८ इंच अंतर धरले, तर सुमारे ६७,००० ओळी होतात. रांग लाखभर फूट, म्हणजे जवळपास २० मैल लांब जाते. दुसरा हिशेब असा: प्रथमजन्मी मुलगे २२,२७३. एकूण पुरुष नऊ लाख धरले, तर दर आईला सरासरी चाळीसहून अधिक मुलगे झाले असले पाहिजेत.

उत्तरादाखल पुस्तके निघाली, जुने स्नेही एफ. डी. मॉरिस दुरावले. डिसेंबर १८६३मध्ये केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी कोलेन्सो यांना पदच्युत केले. शास्त्राच्या देवप्रेरित असण्याविषयीच्या १८६४च्या जाहीरनाम्यावर जवळपास ११,००० पाद्र्यांनी सह्या केल्या. मार्च १८६५मध्ये लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायमंडळाने ग्रे यांचा निकाल रद्द ठरवला. मात्र हा न्यायनिवाडा वाचताना सावध राहायला हवे. कोलेन्सो बरोबर होते, असे न्यायमंडळ म्हणत नाही. ग्रे यांना तो अधिकारच नव्हता, एवढेच ते म्हणते. अक्षरार्थाचा प्रश्न तिथे निकालात निघालाच नाही. कोलेन्सो नातालला परतले. चर्चने त्यांना बहिष्कृत केले, १८६९मध्ये दुसरा बिशपही नेमला. त्यांची भूमिका बदलली नाही: बायबल हेच देवाचे वचन नव्हे, पण नम्रपणे ऐकणाऱ्याला त्यात देवाचे वचन ऐकू येते.

पुढच्या दशकातले कागद या साऱ्यावर वेगळा प्रकाश टाकतात. १८७४मध्ये ह्लुबी प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर नातालच्या गव्हर्नरने खटला चालवून त्यांना हद्दपारीची शिक्षा दिली. कोलेन्सो यांनी त्या खटल्याची कागदपत्रे ओळीओळीने तपासली, आफ्रिकन साक्षीदारांचे जबाब मिळवले आणि सरकारपक्षाच्या साक्षी टिकत नाहीत हे दाखवून दिले. नाताल सरकारचे अधिकारी थिओफिलस शेपस्टोन यांच्याशी असलेली कित्येक वर्षांची मैत्री त्यात तुटली. पुढच्या वर्षी गव्हर्नरला परत बोलावण्यात आले.

मोशेच्या नावावरचा मजकूर आणि गव्हर्नरच्या सहीचा मजकूर त्यांनी एकाच पद्धतीने वाचला: लिहिले आहे ते घडू शकत होते का, आणि ते खरे म्हणून सांगितल्याने कोणावर अन्याय होतो का? त्यांच्या आकडेमोडीतील काही गृहीतके वादाची आहेत. पवित्र ग्रंथाचे मोल बेरजेने ठरत नाही, हा विरोधकांचा मुद्दाही वजनदार आहे. पण ज्याला शिकवायचे, त्याने सरळ प्रश्न विचारल्यावर आपण स्वतः मानत नाही ते खरे म्हणून सांगायचे नाही, ही त्यांची अट अक्षरार्थ मानणाऱ्यांना लागू आहे आणि रूपक मानणाऱ्यांनाही.