कांजूरमार्ग : ही जमीन कुणाची?

आज लांबच्या किल्ल्यावर नाही, कांजूरमार्गलाच उतरायचंय. पश्चिमेला पवई, आयआयटी, आमच्यासारख्यांची ऑफिसं. पूर्वेला हायवेच्या पलीकडे मिठागरं. मी चार वर्षं फक्त पश्चिमेलाच उतरलो.

२०२० मध्ये मेट्रो कारशेडमुळे कांजूर रोज बातम्यांत होतं. १०२ एकर जमीन. राज्य म्हणतं आमची. केंद्र म्हणतं मिठागराची, म्हणजे आमची. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने जमीन देण्याच्या आदेशाला स्थगिती दिली. तेव्हा डोक्यात आलं, जमीन कुणाची हे ठरवायचं तर शेवटी इतिहासच उघडावा लागतो की!

ही उपनगरं म्हणजे जुनं साष्टी बेट. शिलाहारांच्या काळात, साधारण आठशे-हजार वर्षांपूर्वी, जमीन दान दिली की दगड उभा करायचे, गधेगळ. वर सूर्य-चंद्र, मध्ये बहुतेकदा लेख, खाली गाढव आणि बाई. म्हणजे सूर्य-चंद्र असेपर्यंत दान टिकेल, आणि जो मोडेल त्याला आईवरून शिवी. शिवी भयंकर आहे. हेडफोन नसतील तर गुगल करू नका. काही वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठाच्या सेंटर फॉर एक्स्ट्रा म्युरल स्टडीजच्या अभ्यासकांनी विद्यार्थी आणि हौशी लोकांना सोबत घेऊन साष्टी पायी पालथी घातली, तेव्हा असे दगडही नोंदवले. काही तर शेंदूर फासून देव झालेले असतात!

पण दगड राजाचा आणि फाइल सरकारची. मिठागरात राबलेल्यांचं काय? भरतीचं पाणी कोंडायचं, उन्हात आटवायचं, पावसाच्या आत मीठ ओढून ढीग लावायचे. आगरी हे नावच या आगरावरून आलं असं मानतात. त्यांचे कागद कुठल्या कपाटात?

इथे मला राजवाडे आठवतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं मागायचे. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले. ७ जुलै १९१० ला त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. राजाश्रय नाही, लोकांच्या कागदांवर उभी राहिलेली संस्था. आपल्या खिशात तर स्कॅनर आहे, राजवाड्यांकडे नुसते पाय होते.

तर कांजूर, भांडुप, मुलुंडवाल्यांनो, आजीच्या ट्रंकेत मिठागराची पावती, मजुरीची वही, जुना नकाशा सापडला तर रद्दीत देऊ नका. फोटो काढा, आणि कुणाकडून मिळालं, कधी मिळालं, तेवढं लगेच लिहून ठेवा. आजी आहे तोवर तिलाच विचारा.