मसूर, चाळीसगाव, एल्फिन्स्टन : स्टेशनबाहेरचा रस्ता कोणाच्या पैशाचा?

1901 सालची गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात दुष्काळी कामातून तलाव खोदला जात होता आणि सुभेदार रामजी तिथे रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जायचे म्हणून नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून रेल्वेत बसली. रेल्वेने त्यांची जात विचारली नाही. तिकीट होते, एवढे पुरले. मसूरला उतरल्यावर न्यायला कोणी आलेले दिसेना, तेव्हा स्टेशनमास्तरने चौकशी केली. पोरांनी निरागसपणे महार असल्याचे सांगितले आणि तो मागे सरला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी सौदा असा ठरला की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. ती रात्र त्या मुलांनी पाण्याच्या घोटाशिवाय काढली.

अठ्ठावीस वर्षांनी, 1929 च्या ऑक्टोबरात, हाच मुलगा बॅरिस्टर होऊन, सरकारने नेमलेल्या समितीचा सदस्य म्हणून चाळीसगाव स्टेशनवर उतरला. महारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर होता. पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी नेणे वस्तीतल्या माणसांना बरे वाटेना. टांगेवाले महाराला घेऊन जायला तयार नव्हते. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, टांगा आणि घोडा नदीत पडले. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत बाबासाहेबांनी हे दोन्ही प्रसंग स्वतः लिहून ठेवले आहेत. आपल्या व्याख्यानांत ते अस्पृश्यतेचे दाखले म्हणून येतात, ते बरोबरच आहे. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोन्ही वेळा आगगाडीने काम चोख केले. माणूस अडला तो स्टेशन संपते तिथे, शेवटच्या मैलावर. सरकारी पैशाने रूळ आले, पण रुळांपासून वस्तीपर्यंतचा तुकडा जुन्या व्यवस्थेच्या ताब्यात राहिला. आज शहरातल्या कोणत्याही स्टेशनबाहेर उभे राहून हाच प्रश्न विचारता येतो.

रस्त्यावरून चालणे ही आपल्या इतिहासात कधीच साधी गोष्ट नव्हती. पेशवाईत समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरायची मुभा नव्हती, आणि पुण्यात कमरेला झाडू व गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी ‘जातीचे निर्मूलन’ मध्ये नोंदवले आहे. केरळात 1893 साली अय्यनकाली बैलगाडीत बसून बंदी असलेल्या रस्त्यावरून गेले. 1924 च्या मार्चमध्ये वायकोमला सुरू झालेला सत्याग्रह तर देवळात शिरण्याचाही नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचा होता. वीस महिने लढल्यावर चारपैकी तीन रस्ते खुले झाले.

पण हक्क मान्य होणे आणि तो वापरता येणे यांत पैशाचे अंतर असते, हे मुंबई प्रांतात रावबहादूर सी. के. बोले यांनी फार लवकर ओळखले. 4 ऑगस्ट 1923 चा बोले ठराव आपल्याला पाठ असतो : सार्वजनिक निधीतून बांधलेली व राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठरावही केला. तो कागदावर राहिला म्हणून तर 20 मार्च 1927 घडले. मधला दुवा मात्र आपण विसरतो. 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. म्हणजे नुसते ‘खुले करा’ नव्हे. खुले करत नसाल तर पैसे मिळणार नाहीत.

पुढे संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या रांगेत ‘रस्ते’ हा शब्द येऊन बसला, आणि त्यामागे तीच कसोटी आली : पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेले. रस्ता आपला आहे कारण पैसा आपला आहे. ही बोले ठरावाचीच भाषा आहे.

आता काही कार्यकर्ते म्हणतील, आरक्षण, अत्याचार, शिक्षण हे प्रश्न जळत असताना फूटपाथ आणि सायकल ट्रॅक हे उच्चभ्रूंचे चोचले कशाला? हा गैरसमज आहे. जागतिक बँकेसाठी 2004 साली मुंबईतल्या 5,000 कुटुंबांची पाहणी झाली. त्यात कामावर पायी जाणारे 44 टक्के निघाले आणि गरिबांत हे प्रमाण 63 टक्के. पहाटे झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार, घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा मजूर, रात्रपाळीचा वॉचमन हीच ती माणसे. आणि रस्त्यावर मरतात तीही हीच. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. त्यांची जात त्या अहवालात नसते. नसते म्हणून ती आपल्याला ठाऊक नाही, असे नाही.

29 सप्टेंबर 2017. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, पाऊस पडत होता. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. ज्या गिरणगावात बाबासाहेब चाळीत राहिले, चळवळ उभी केली, तिथल्या गिरण्या जाऊन काचेच्या इमारती आल्या. त्यांत रोज लाखो माणसे कामाला येऊ लागली, पण ती ज्या जिन्यावरून उतरतात तो जुनाच राहिला. नवा पूल आधीच मंजूर होता, कागद फिरत होते. दुर्घटनेच्या पंधरा दिवस आधी अहमदाबादेत 1 लाख कोटींहून अधिक खर्चाच्या बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली होती. आणि माणसे मेल्यावर लष्कराला बोलावले तेव्हा नवा पूल 2018 च्या फेब्रुवारीत उभासुद्धा राहिला. म्हणजे अडचण ना तंत्राची होती, ना तिजोरीची.

मोठा पैसा कुठे जातो ते बघा. 2009 चा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि 2024 चा सुमारे 17,840 कोटींचा अटल सेतू, दोन्हींवर पायी चालणाऱ्याला, सायकलला, रिक्षाला आणि मोटारसायकललाही बंदी. सुरक्षेचे कारण सांगतात, असेल. पण ज्याच्याकडे चारचाकी नाही त्याच्यासाठी तितक्याच तातडीने काय बांधले? 2008 साली वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक आला. चालणाऱ्याला उचलून वर टाकले आणि खालचा रस्ता गाड्यांना मोकळा करून दिला. म्हाताऱ्या बाईने डोक्यावर बोजा घेऊन दोन मजले चढायचे. तो स्कायवॉकही पुढे धोकादायक ठरला आणि पाडावा लागला. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल ट्रॅक झाला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पुण्यात 2006 नंतर बीआरटीबरोबर आलेल्या सायकल मार्गांची कथा वेगळी नाही. कधीकाळी सायकलींचे शहर म्हणवणारे पुणे ते!

इथे एका सापळ्यापासून सावध राहायला हवे. ‘फूटपाथ मोकळे करा’ ही घोषणा आली की पहिला हातोडा फेरीवाल्यावर पडतो. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेला जगण्याच्या हक्कात बसवले, पण फूटपाथवर राहणाऱ्यांचे हटवणे काही थांबवले नाही. 2014 चा फेरीवाला कायदा सर्वेक्षण आणि विक्रीची जागा ठरवायला सांगतो. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा पादचाऱ्याच्या कलम 21 च्या हक्काचा भाग मानला. हे दोन हक्क एकमेकांवर घालणारी माणसे फूटपाथवर चढवलेल्या मोटारीबद्दल गप्प असतात. भाजीवाली आणि तिच्याकडून भाजी घेऊन घरी चालत जाणारी बाई एकाच वस्तीतल्या आहेत. त्यांच्यात भांडण लावू देऊ नका.

मागणीची जागाही नीट ओळखली पाहिजे. आपल्या वस्त्यांत दलित वस्ती सुधार योजनेतून आत काँक्रीटचा रस्ता होतो, गटार होते, समाजमंदिर होते, प्रवेशद्वारावर नगरसेवकाच्या नावाची कमान लागते. निधी त्या कमानीपाशी संपतो. कमानीपासून बसथांब्यापर्यंत, स्टेशनपर्यंतचा रस्ता कोणत्याच योजनेत बसत नाही. तो मसूरचा आणि चाळीसगावचा तुकडा आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, बोले यांचा दुसरा ठराव पुन्हा हाती घ्या. उड्डाणपुलाला, मेट्रोला, रुंदीकरणाला निधी हवा असेल तर त्या स्टेशनपासून आजूबाजूच्या वस्त्यांपर्यंत सलग पदपथ, सायकलची पट्टी, दिवे आणि रस्ता ओलांडायला जमिनीवरचीच सोय आधी दाखवा, नाहीतर अनुदान थांबवा. फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकांचे अर्थसंकल्प येतात. त्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या कमानीपासून जवळच्या स्टेशनपर्यंत एकदा चालत जावे, फूटपाथ कुठे तुटतो त्याचे फोटो काढावेत, आणि त्या रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत कशावर किती खर्च झाला याचा माहिती अधिकारात अर्ज टाकावा. आम्ही आमच्या वस्तीचा अर्ज लिहायला घेतला आहे. 6 डिसेंबरला दादरला उतरू तेव्हा स्टेशन ते चैत्यभूमी हे अंतरही याच नजरेने चालायचे ठरले आहे, आणि मग 7 डिसेंबरला, बंदोबस्त उठल्यावर, तेच पुन्हा एकदा.