लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा प्रजातीच्या सर्पिल जीवाणूंमुळे होणारा प्राणिजन्य रोग आहे. उंदीर, कुत्रे, गुरे इत्यादी प्राण्यांच्या मूत्रावाटे हे जीवाणू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांवाटे मानवी शरीरात शिरतात. भातशेतीत व गटारांत काम करणाऱ्यांना याचा धोका अधिक असतो. जुलै २००५ मधील महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ पसरली होती.

लक्षणे

ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे. तीव्र आजारात कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात व मृत्यूही ओढवू शकतो.

प्रतिबंध

साचलेल्या पाण्यात गमबूट वापरावेत, जखमा झाकाव्यात. पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यास ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध (डॉक्सिसायक्लिन) घ्यावे, असे मुंबई महानगरपालिका सुचवते.