वहीपासून सामाईक वंशवृक्षापर्यंत

व्यापारी समाजाला दोन वह्या परंपरेने परिचित आहेत. एक पेढीवरची, जमाखर्चाची. दुसरी कुळाची, पिढ्यापिढ्यांच्या नावांची. पहिली दरवर्षी नवी होते. दुसरी शतकानुशतके चालत आली व ती सांभाळण्याचे काम बहुधा कुटुंबाबाहेरील माणसाकडे राहिले. गेल्या काही दशकांत या दुसऱ्या वहीचे रूप पालटले. निरनिराळ्या देशांत राहणारे, एकमेकांना कधी न भेटलेले आप्त तिच्यात एकत्र नोंदी करू लागले आहेत. हा पालट कसा घडला आणि त्यातून कोणती जबाबदारी आली, याचा हा संक्षिप्त आढावा.

वह्या आणि मूर्तिलेख

गुजरातेत वहीवंचा बारोट व राजस्थानात भाट आपापल्या यजमानांच्या वंशावळी सांभाळीत. ठरावीक काळाने ते यजमानाच्या गावी येत, वही वाचून दाखवीत आणि नव्या पिढीची नावे चढवून घेत. १९५८ साली ए. एम. शहा व आर. जी. श्रॉफ यांनी या बारोटांवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. हरिद्वारचे पंडे आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यांच्याकडील नामावळ्याही याच प्रकारच्या होत.

जैन परंपरेत वंशाइतकेच महत्त्व गुरुपरंपरेला आहे. कल्पसूत्रातील स्थविरावली व विविध गच्छांच्या पट्टावल्या ही त्याची उदाहरणे. गृहस्थांच्या इतिहासासाठी मात्र मूर्तिलेख विशेष मोलाचे आहेत. धातुप्रतिमेच्या मागील बाजूस संवत, ज्ञाती, पिता, भार्या, पुत्र आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले आढळते. पूरणचंद नाहर यांनी असे लेख कष्टाने जमविले. त्यांच्या संग्रहाचा पहिला भाग १९१८ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. वंशवहीचा धागा मुलग्यांच्या पिढ्यांनी पुढे जाई, विवाहित कन्येची शाखा तिच्यात वाढत नसे. मूर्तिलेखांत मात्र माता व भार्या यांची नावे वारंवार भेटतात. कुळाचा पूर्ण इतिहास लिहावयाचा तर ही दोन्ही साधने एकमेकांजवळ ठेवावी लागतात.

फिल्मपासून संगणकापर्यंत

सामाईक वंशवृक्षाचा आधुनिक पाया अमेरिकेत घातला गेला. युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे १८९४ साली मॉर्मन पंथीयांनी वंशावळ संस्था स्थापन केली. पूर्वजांचा शोध हे त्या पंथात धर्मकार्य मानले जाते. १९३८ पासून या संस्थेने जगभरातील नोंदींचे मायक्रोफिल्मवर चित्रण सुरू केले. हरिद्वार व अन्य तीर्थक्षेत्रांतील वह्यांचेही चित्रण तिने केले, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. जमलेल्या सुमारे २४ लाख रिळांचे संगणकीकरण २०२१ साली पूर्ण झाले.

१९८४ साली याच पंथाच्या वंशावळ विभागाने ‘गेडकॉम’ ही पद्धत तयार केली. तिच्यामुळे एका संगणकावरील वंशावळ दुसऱ्या संगणकास वाचता येऊ लागली. तथापि फ्लॉपीवरून पाठविलेली वंशावळ ही केवळ नक्कल असे. मुंबईच्या प्रतीत केलेली दुरुस्ती लंडनच्या प्रतीत पोहोचत नसे आणि काही वर्षांत एकाच कुटुंबाच्या चार वंशावळी चार तऱ्हांनी वाढत. २००७ साली ‘जेनी’, २००८ साली ‘विकिट्री’ आणि २०१३ साली सर्वांसाठी खुला झालेला ‘फॅमिलीसर्च’चा वंशवृक्ष यांनी निराळा मार्ग धरला. एका व्यक्तीचे एकच पान असावे व सर्व आप्तांनी त्याच पानावर लिहावे, हे त्यांचे सूत्र होय.

दुरून एकत्र काम करण्याची शक्ती किती मोठी, हे १९४० सालच्या अमेरिकन जनगणनेच्या कामात दिसले. तेथील नियमाप्रमाणे ७२ वर्षांनी, २ एप्रिल २०१२ रोजी, ती कागदपत्रे खुली झाली. दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या सुमारे चार महिन्यांत १३ कोटींवर नावांची सूची तयार केली. एकच पान दोघांनी स्वतंत्रपणे उतरवावयाचे आणि फरक आढळल्यास तिसऱ्या अनुभवी व्यक्तीने मूळ पान पाहून निर्णय द्यावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. कीर्द-खतावणीचा मेळ घालणाऱ्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आपल्या नोंदींच्या अडचणी

भारतीय कुटुंबांच्या बाबतीत हे काम अधिक जपून करावे लागते. प्रथम कालगणना घ्या. मारवाडात विक्रम संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे ‘संवत २००० चैत्र सुद’ म्हणजे मारवाडी वहीत १९४३ चा वसंत, तर गुजराती वहीत १९४४ चा. गुजरात-महाराष्ट्रातील चैत्र वद्य मारवाडात वैशाख वद्य ठरतो. त्यात महाराष्ट्रातील शके आणि वीर निर्वाण संवत यांची भर पडते. नोंद करणाऱ्याने मूळ तिथी न लिहिता केवळ इंग्रजी साल लिहिले, तर एकाच जन्माच्या दोन तारखा होतात आणि पुढे एकाच व्यक्तीची दोन माणसे होतात.

नावांचेही तसेच. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन पिढ्यांतील व्यक्ती एकच समजल्या जातात. विवाहानंतर कन्येचे नाव बदलले की माहेरच्या व सासरच्या वंशावळीत ती दोन स्त्रिया म्हणून राहते. दीक्षा घेणाऱ्याचे नाव गृहस्थ शाखेत थांबते आणि नव्या नावाने गुरुपरंपरेत सुरू होते. ही दोन्ही टोके जोडणारी नोंद कोणीतरी जाणीवपूर्वक करावी लागते.

यावर उपाय अनुभवातून सिद्ध झाले आहेत. प्रत्येक नोंदीखाली तिचा आधार लिहावा. दुसऱ्याची नोंद बदलताना कारण द्यावे. दोन व्यक्तींची पाने एकत्र करण्यापूर्वी आईवडील, गाव व काळ तपासावा. हयात व्यक्तींची माहिती खुली ठेवू नये. कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास अशा वंशवृक्षांत जतन होतो व चुकीचा बदल मागे घेता येतो. बिनआधाराची नोंद मात्र इतरांनी उतरवून घेतली की शेकडो ठिकाणी पसरते. मग ती मागे घेणे कोणाच्याच हाती राहत नाही.

समाजापुढील कार्य

जामनगर परिसरातील हालारी ओसवाल केनियात गेले व तेथून पुष्कळ कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थिरावली. पालनपुरी जैन हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पला पोहोचले. अशा कुटुंबांत जुनी वही एका देशात, ती वाचू शकणारे वृद्ध दुसऱ्या देशात आणि संगणक जाणणारी नातवंडे तिसऱ्याच देशात असतात. या तिघांना एका पानावर आणण्याचे साधन आज उपलब्ध आहे.

साधन असले तरी वेळ थोडा आहे. जुनी लिपी वाचणारे कमी होत चालले आहेत, वह्यांना वाळवी लागत आहे. आजी-पणजींची माहेरची नावे तर पुष्कळदा कोठेच लिहिलेली नाहीत. ती केवळ वृद्धांच्या स्मरणात आहेत. म्हणून वंशवृक्ष किती शतके मागे नेता येईल याआधी, आज घरात असलेल्या ज्येष्ठांकडून तीन पिढ्यांतील स्त्री-पुरुषांची नावे, गावे व तिथी लिहून घेणे अगत्याचे आहे. वही, लग्नपत्रिका, मंदिरातील मूर्तिलेख यांची छायाचित्रे काढून प्रत्येक नोंदीस जोडावीत. एवढे प्रत्येक कुटुंबाने केले, तर दूरदेशीचे आप्त पुढील दुवे जोडतील.