नातवाचा जेंबे

गेल्या वर्षी दोन महिने लेकीकडे ब्रसेल्सला होते. तिथल्या शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. त्या दिवशी नातू जेंबे शिकायला जातो आणि त्याला सोडायचं काम माझ्याकडे होतं. मी आपली मागच्या बाकावर बसून ऐकायची.

जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला ढोल. वर रुंद, कमरेत बारीक, खाली पुन्हा थोडा पसरट, एखाद्या मोठ्या पेल्यासारखा. काठी नाही, नुसते हात. तळहात मधोमध पडला की घुमतो, बोटं कडेला पडली की मोकळा सूर निघतो, आणि तीच बोटं झटक्याने पडली की कडक थाप. मुख्य आवाज एवढे तीनच.

एकदा घरी येताना नातवाला विचारलं, "आज काय वाजवलंत रे?"
"कासा."
"म्हणजे काय?"
"माहीत नाही आजी. पण सोपं आहे!"

चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला हे उत्तर कसं पचणार? मग जमेल तसं वाचत गेले. त्यातलं थोडं इथे लिहून ठेवते.

कासा हा गिनी देशातल्या मालिंके लोकांचा शेतातला ताल. माणसं शेतात राबायची तेव्हा वादक तिथे जाऊन वाजवायचे, म्हणजे हात चालत राहायचे. सोली हा ताल मुलांच्या सुंतेच्या विधीचा. दुनुनबा हा ताकदवान पुरुषांच्या नाचाचा. प्रत्येक तालाला असा त्याचा प्रसंग. गावात प्रेक्षक असे वेगळे नसत. सगळे गोल करून उभे राहत, ज्याला नाचायचं तो मध्ये येई आणि वादक त्याच्या पावलांकडे बघून वाजवी.

ढोल करायचं काम 'नुमू' म्हणजे लोहारांचं. लोखंड तापवणारे तेच आणि लाकूड कोरणारेही तेच. 'लेंके' नावाच्या झाडाचा ओंडका आतून पोखरायचा, वर बकऱ्याचं कातडं चढवायचं. कातडं सैल पडलं की ढोल विस्तवाजवळ धरून तापवायचा. आज दिसणाऱ्या लोखंडी कड्या आणि नायलॉनच्या दोऱ्या नंतरच्या. गंमत म्हणजे कोरा किंवा बालाफोन ही वाद्यं पिढीजात गायक घराण्यांची, जेंबे वाजवायला मात्र अमुक कुळात जन्म लागत नाही. म्हणूनच कदाचित तो इतक्या दूर जाऊ शकला.

तो बाहेर नेला फोदेबा केइता यांनी. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर, हे वाचून मला फार बरं वाटलं! कायदा शिकायला पॅरिसला गेले आणि १९५०च्या सुमारास तिथे 'ले बाले आफ्रिकां' हा नृत्यसंघ उभा केला. २ ऑक्टोबर १९५८ला गिनी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि हाच संघ देशाचा राष्ट्रीय संघ ठरला. संघ जगभर फिरला. रात्रभर चालणारा नाच काही मिनिटांत बसवला गेला. गोलाच्या रांगा झाल्या आणि नाचणाऱ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे वळली.

पण या कौतुकाला दुसरी बाजू आहे. अध्यक्ष सेकू तूरे यांच्या सरकारने त्याच काळात गिनीच्या जंगल भागात 'अंधश्रद्धा निर्मूलन' म्हणून मोहीम काढली. गावोगावचे मुखवटे हिसकावून घेतले, जाळले, विधी बंद पाडले. म्हणजे जे गावात करायला बंदी, तेच रंगमंचावर राष्ट्राचा अभिमान. खुद्द फोदेबा केइता सरकारात मंत्री झाले, गृहखातं त्यांच्याकडे होतं. १९६९ साली त्यांच्यावरच कटाचा आरोप आला आणि कोनाक्रीच्या कँप बोइरो या छावणीत त्यांना ठार मारलं गेलं. त्यांचा संघ मात्र चालूच राहिला. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीशी बसून राहिले.

१९८४ साली सेकू तूरे गेले. पुढच्या वर्षांत बरेच वादक देशाबाहेर पडले आणि पोटासाठी शिकवू लागले. त्यांतले एक ममादी केइता. बालांदुगू गावचा हा मुलगा चौदाव्या वर्षी 'जोलिबा' या सरकारी संघात निवडला गेला होता. १९८८ साली ते बेल्जियमला आले आणि १९९१ साली याच ब्रसेल्समध्ये त्यांनी शाळा काढली. २०२१ साली ते वारले. ताल शिकवताना तो कुठल्या लोकांचा, कोणत्या प्रसंगाचा, हेही सांगितलं पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. १९९१च्या 'जेंबेफोला' या माहितीपटात ते बऱ्याच वर्षांनी आपल्या गावी परततात. मला भाषा कळली नाही, पण डोळे भरून आले.

रंगमंचाने हे ताल वाचवले की बिघडवले? मला वाटतं, दोन्ही. रंगमंचावर आले नसते तर माझ्या नातवापर्यंत पोचले नसते. पण वाटेत त्यांच्यामागचं शेत गळून पडलं. आम्ही वर्गात सनावळ्या पाठ करून घ्यायचो, त्यातही असंच खूप काही गळत असणार. आता कुणाला सांगू!

नातवाला कासाचं शेत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आजी, हा दमलेल्या माणसांसाठी आहे?" पुढच्या बुधवारी नवा ताल सुरू झाला तेव्हा त्याने हात वर केला आणि सरांना विचारलं, "हा कुठला?" सर हसले, ढोल बाजूला ठेवला आणि सांगायला बसले. त्या दिवशी वाजवणं थोडं कमीच झालं.

असो. तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं असं काही शिकत असतील तर त्यांना एकदा विचारून बघा. आणि काय उत्तर मिळालं ते मलाही जरूर कळवा.